आधी एका फाट्यावर, मग साऱ्या शिवारावर



येत्या वार्षिक सभेपुढे आपल्या उपसा सिंचन योजनेच्या पाणीपट्टीचा विषय येणार आहे, हे आपणास ठाऊक आहेच. आजवर आपण एकरी आकारणी करीत आलो. मुखाजवळच्या सभासदाला एकरी जेवढी पट्टी, तेवढीच टोकाच्या सभासदाला. पाणी मात्र दोघांना सारखे मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पहिल्या फाट्यावर सऱ्या तुडुंब भरून पाणी ओढ्याला जाते आणि शेवटच्या फाट्यावर उसाची पाने सुरळी होऊन उभी असतात. पाळी यायला वीस-बावीस दिवस लागतात. पट्टी मात्र बिलातून न चुकता कापली जाते.

म्हणून एका बाजूचे सभासद म्हणतात, तासावर आकारणी करा. जो जेवढे पाणी घेईल तेवढे पैसे देईल. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, आमची जमीन मुरमाड, तिला पाणी जास्त लागते, तासावर गेलो तर आम्ही बुडालो. गट कार्यालयात या विषयावर आवाज चढलेले आम्ही ऐकले आहेत. दोन्ही बाजू खोटे बोलत नाहीत. मग निर्णय करायचा कसा? हात वर करून ठराव पास करणे सोपे आहे; पण तो चुकला तर पुढे तीन हंगाम निस्तरत बसावे लागेल.

या लेखात आम्ही एका वेगळ्या वाटेविषयी सांगणार आहोत. ती वाट नवी नाही. आपल्याच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात ती साठ वर्षांपूर्वी चोखाळली गेली आणि तिथून सबंध देशाने उचलली.

तासगावचा प्रयोग

कै. वि. स. पागे हे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यातील विसापूर हे त्यांचे गाव. त्यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एकदा त्यांनी आपल्या पत्नीला विचारले की, शेतावर खर्चायला तुझ्या हाती काही शे रुपये दिले, तर तू किती माणसांना किती दिवस काम देशील? बाईंनी घरच्या हिशेबाने उत्तर दिले. पाग्यांनी त्यावर मांडामांड केली आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे विचार मांडला की, जो हात काम मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी सरकार घेऊ शकते. ते राज्याच्या ऐपतीबाहेरचे नाही.

विचार चांगला होता, पण नुसत्या विचारावर राज्याची तिजोरी उघडत नाही. शंका पुष्कळ होत्या. मजूर येतील का? आले तर एवढे येतील का, की तिजोरी रिकामी होईल? कामे कोणती काढायची? मोजमाप कोण करणार? सुगीच्या दिवसांत शेतावर माणूस मिळेनासा झाला तर? या शंकांची उत्तरे सचिवालयात बसून देता येण्यासारखी नव्हती. तेव्हा १९६५ साली तासगाव तालुक्यात प्रायोगिक तत्त्वावर ही योजना सुरू करण्यात आली. आरंभी लोक तिला पागे योजनाच म्हणत. एका तालुक्यात चालवून पाहायचे, काय घडते ते बघायचे आणि मग पुढचे पाऊल टाकायचे, अशी ती रीत होती.

तिथून हळूहळू व्याप वाढला आणि १ मे १९७२ रोजी रोजगार हमी योजना राज्यभर जाहीर झाली. लगेच मोठा दुष्काळ आला. बहात्तरचा दुष्काळ म्हटले की आजही आपल्या घरांतल्या म्हाताऱ्यांना खडी फोडणे, सुकडी आणि मिलो आठवतो. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. ती कामे टंचाई निवारणाची, हमीची नव्हेत. हमी योजना त्या काळात बाजूलाच राहिली. पण एवढ्या माणसांना काम कसे द्यायचे, हजेरीपट कसे ठेवायचे, पगार कसा वाटायचा, हे यंत्रणेला त्या दोन वर्षांत शिकावे लागले. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते अशी कामांची यादीही त्यातून पक्की होत गेली.

पुढे पैशाचा प्रश्न आला. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा कापला जाणारा कर खेड्यातल्या बांधावर खर्च होऊ लागला. बागायत जमिनीवरही जादा कर बसला, म्हणजे आपल्यासारख्या ऊसकऱ्याच्या खिशातूनही त्यात भर पडली. १९७७ साली विधिमंडळाने कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. प्रयोगाला सुरुवात झाल्यापासून कायद्यापर्यंत चौदा वर्षे गेली. एवढी वर्षे फुकट गेली असे म्हणता येत नाही, कारण कायद्यातले प्रत्येक कलम आधी कुठल्या तरी बांधावर घामाने भिजलेले होते.

प्रयोगाने काय शिकवले

यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली म्हणजे, खरा गरजू कोण हे ठरवण्यासाठी दाखले, चौकशी, शिफारस यांचे जंजाळ लागत नाही. काम अंगमेहनतीचे, मजुरी मोजमापावर आणि बाईला व पुरुषाला एकाच दराने. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे तोच अशा कामावर उन्हात येतो. घरी चार एकर ऊस असलेला टिकाव घेऊन रांगेत उभा राहत नाही. योजनेची चाळणी योजनेतच बसवलेली होती.

दुसरी म्हणजे, हमी म्हटली की मुदत लागते. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, असे कायद्यात आले. मुदत नसलेली हमी म्हणजे चिटबॉयचे ‘उद्या तोड देतो’. उद्या कधी उजाडत नाही, हे आपणास सांगायला नको.

तिसरी म्हणजे, दोष लपवून भागत नाही. हजेरीपटावर खोटी नावे, अर्धवट सोडलेली कामे, उशिरा मिळणारा पगार, या तक्रारी राज्यात जागोजाग झाल्या. त्या उघडपणे बोलल्या गेल्या म्हणूनच सुधारणाही होत गेल्या. १९९० नंतर याच योजनेतून शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात फळबाग लावण्याची सोय झाली आणि कोरडवाहू माळावर आंबा, बोर, डाळिंब उभे राहिले. १९६५ साली कुणी फळबागांचा विचारही केला नसेल.

पुढे २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभवच समोर होता. तोसुद्धा एकदम देशभर लावला नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये आधी २०० जिल्हे, २००७ मध्ये आणखी १३० आणि २००८ मध्ये उरलेले, अशा टप्प्यांनी तो पसरला.

पाण्याच्या बाबतीतही शेजारी उदाहरण आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर कै. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला चाळीस एकर उजाड माळ भाड्याने घेतला, तिथे पाणी अडवून स्वतः शेती करून दाखवली आणि मग लोकांपुढे पाणी पंचायतीचे नियम ठेवले. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर एवढेच पाणी, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस नाही. शेवटची अट आपल्याला रुचणार नाही, पण रीत ध्यानात घ्या: आधी माळावर करून पाहिले, मग नियम सांगितला.

आमची एक चूक

दुसऱ्याचे दाखले दिले, आता स्वतःचे सांगतो. इथे येण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका कारखान्यावर नोकरीला होतो. पदविका घेऊन नुकतेच लागलो होतो, अंगात उत्साह भारी. एक नवी जात आली. बेणेमळ्यात तिने डोळे दिपवले. कांड्या जाड, फुटवा भरपूर, उतारा उत्तम. आम्ही गावोगाव सभा घेतल्या आणि एका हंगामात शेकडो एकरांवर तेच बेणे लावायला लावले. लागणीचा ऊस चांगला आला. आमचे कौतुक झाले. खोडव्याला मात्र काणी आली. बेटाबेटांतून काळे चाबूक निघाले. बेणेमळ्यात आम्ही खोडवा ठेवलाच नव्हता, मग दिसणार कुठून! एक वयस्क शेतकरी आम्हाला बांधावर उभे करून म्हणाले, “साहेब, तुम्ही एक वर्ष थांबला असता तर आमचं एक वर्ष वाचलं असतं.” त्यांनी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पण ते वाक्य आम्ही अजून विसरलो नाही.

पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र आपल्या सातारा जिल्ह्यातच आहे, १९३२ पासून. तिथे कुठलीही जात शिफारशीला येण्याआधी वेगवेगळ्या ठिकाणी लागणीची दोन पिके आणि खोडव्याचे एक पीक घेऊन पाहतात. को ८६०३२ या नावातले ८६ म्हणजे निवडीचे साल १९८६. आपल्या हाती शिफारस होऊन यायला सुमारे दहा वर्षे गेली. एवढे थांबले म्हणूनच ती इतकी वर्षे रानात टिकली. उसाच्या जातीला आपण ही सवलत देतो. मग सभासदांच्या खिशाला हात घालणाऱ्या नियमाला का देऊ नये?

प्रयोग कसा करावा

नुसते ‘करून बघू’ म्हटल्याने प्रयोग होत नाही. त्याला शिस्त लागते.

१) प्रश्न आधी लिहून ठेवावा. आपला प्रश्न असा: तासावर आकारणी केली तर टोकाच्या सभासदाची पाळी लवकर येते का, आणि मुरमाड जमिनीवाल्याची पट्टी किती वाढते?

२) जागा सरासरी असावी. अध्यक्षांच्या मळ्यावर केलेला प्रयोग नेहमीच यशस्वी होतो. फाटा असा निवडावा की त्यावर काळी, मध्यम आणि मुरमाड अशा तिन्ही जमिनी असतील, मोठे आणि छोटे दोन्ही सभासद असतील.

३) शेजारी तुलनेसाठी एक फाटा जुन्याच पद्धतीने चालू ठेवावा. खतांचा प्लॉट करताना आपण बिगरखताच्या चार सऱ्या सोडतो, तसेच. नाहीतर पाऊस चांगला झाला आणि श्रेय नियमाला गेले, असे व्हायचे.

४) मुदत पुरी असावी. पावसाळ्यात पाण्याची परीक्षा होत नाही. ऑक्टोबरपासून पुढच्या सप्टेंबरअखेर असे पूर्ण वर्ष घ्यावे, म्हणजे उन्हाळा मध्ये येईल.

५) नोंद रोजची हवी आणि ती सभासदांना बघायला मिळावी. पाणी कधी सोडले, कधी बंद केले, वीज किती तास गेली, हे फाट्यावरच्या फळ्यावर लिहावे. कारखान्याच्या कपाटातली वही कुणाच्या कामाची नाही.

६) प्रयोगात कुणाचे नुकसान झाले तर ते कोणी सोसायचे, हे आधी ठरवावे. सगळ्यांच्या फायद्यासाठी दहा-वीस सभासदांनी जोखीम घ्यायची आणि तोटाही त्यांनीच भरायचा, हा न्याय नव्हे. आमची सूचना अशी की, प्रयोगाच्या वर्षी त्या फाट्यावर कुणाचीही पट्टी जुन्या एकरी दरापेक्षा जास्त घेऊ नये. वरचा फरक योजनेच्या खात्यावर टाकावा.

७) थांबायचे केव्हा, हेही आधी ठरवावे. टोकाच्या सभासदाची उन्हाळ्यातली पाळी निदान पाच दिवसांनी लवकर आली नाही, तर तासाची आकारणी गुंडाळून ठेवावी. आमचा हट्ट त्यात आड येऊ नये.

आणखी एक सावधगिरी. लहान प्रयोगाला लाड फार होतात. आम्ही रोज मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभे राहिलो, तर पाणी वेळेवर सुटणारच. उद्या वीस फाट्यांवर आम्ही कुठे उभे राहणार? म्हणून प्रयोगाच्या फाट्यावर जादा पाटकरी नेमायचा नाही, नेहमीच्याच माणसाकडून काम करून घ्यायचे. जे नेहमीच्या माणसाकडून होत नाही, ते सगळ्या शिवारावर होणार नाही.

सभेला विनंती

महाराष्ट्राच्या २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थांना पाणी मोजून देण्याचे धोरण घेतले आहे. आज ना उद्या पाणी मोजावेच लागणार. ते कुणीतरी वरून लादण्यापूर्वी आपण आपल्या रानात, आपल्या हिशेबाने मोजून पाहावे, हे शहाणपणाचे. म्हणून सभेत ‘एकरी की तासावर’ असा झगडा न करता, एका फाट्यावर एक वर्ष प्रयोग आणि पुढच्या सभेपुढे त्याचा आकड्यांसह अहवाल, एवढाच ठराव करावा, अशी आमची नम्र विनंती आहे. अहवाल आमच्या बाजूचा आला नाही तरी याच पानावर जसाच्या तसा छापू.

एक शेवटची गोष्ट. परवा टोकाच्या फाट्यावरच्या एक सभासद भगिनी गटात आल्या होत्या. तीस गुंठे ऊस, घरात पुरुष माणूस नाही. त्यांना आम्ही प्रयोगाचे सांगितले. त्या म्हणाल्या, “करा की. आमचा ऊस दरसाल वाळतोच. एक साल मोजून तरी वाळू द्या.” यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. या ठरावावर हात वर करताना त्या तीस गुंठ्यांची आठवण ठेवावी, एवढेच मागणे.

आपला नम्र,
ऊसविकास अधिकारी