केनियाला निघण्यापूर्वी भरायचा फॉर्म

जुलै ते ऑक्टोबर या काळात विल्डबीस्टचे प्रचंड कळप टांझानियातल्या सेरेंगेटीकडून येतात आणि मारा नदी ओलांडून केनियातल्या मसाई मारात उतरतात. ते पाहायला जाणाऱ्यांमध्ये पुण्या-मुंबईची माणसे दरवर्षी असतात. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, प्रवास साधारण सहा तासांचा. तिकिटे, हॉटेले, दुर्बीण, कॅमेऱ्याची लेन्स यांची चर्चा महिनोन्‌महिने चालते. कागदपत्रांचा विषय निघाला की मात्र कोणीतरी सांगून टाकते, ‘केनियाला आता व्हिसा लागत नाही.’

हे अर्धे खरे आहे. राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी डिसेंबर २०२३मध्ये तशी घोषणा केली आणि १ जानेवारी २०२४पासून केनियाने परदेशी पाहुण्यांसाठी व्हिसा बंद केला. पण त्याच दिवशी त्याच्या जागी ‘इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथरायझेशन’, म्हणजे ईटीए, हा ऑनलाइन प्रवास-परवाना आला. तो विमानात बसण्याआधी मिळालेला असावा लागतो. नैरोबीच्या विमानतळावर उतरून पैसे भरून तो घेण्याची सोय नाही. तान्ह्या बाळालाही स्वतःचा वेगळा परवाना लागतो. पूर्व आफ्रिकी समुदायातल्या देशांच्या नागरिकांना यातून सूट आहे आणि पुढे ती बहुतेक आफ्रिकी देशांना मिळाली. भारतीय पासपोर्टवाल्यांना सूट नाही. न्यू जर्सीहून आलेला अमेरिकी पासपोर्टवाला पुतण्या तुमच्याबरोबर निघणार असेल, तर त्यालाही नाही.

असे परवाने जगात नवे नाहीत. ऑस्ट्रेलियाने १९९६मध्ये पहिल्यांदा ही पद्धत आणली, अमेरिकेने जानेवारी २००९पासून आपल्या ‘एस्टा’ची सक्ती केली, पुढे कॅनडा, दक्षिण कोरिया, ब्रिटन त्याच वाटेने गेले. या बहुतेक देशांचा असा परवाना भारतीय पासपोर्टवर मिळत नाही, आपल्याला तिथे पूर्ण व्हिसाच काढावा लागतो. त्यामुळे आपल्याकडे या प्रकाराची फारशी सवय नाही. केनियाच्या सहलीत अनेक मराठी घरांची त्याच्याशी पहिली गाठ पडते, म्हणून तो नीट समजून घ्यावा असे मला वाटते.

व्हिसासाठी पूर्वी वकिलातीतला माणूस तुमची फाइल उघडून वाचायचा. ईटीएमध्ये मुख्य काम जुळवणीचे असते. तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेली माहिती, पासपोर्टवर छापलेली माहिती आणि विमान कंपनीने तुमच्याविषयी पाठवलेली माहिती, या तिन्ही एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. परवाना तुमच्या पासपोर्टच्या क्रमांकाला बांधलेला असतो. मुंबईच्या चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी पासपोर्ट यंत्राखाली धरतो, प्रवेशाचे नियम पडद्यावर पाहतो आणि परवाना मागतो. ही चौकशी तो स्वतःच्या कंपनीसाठी करत असतो. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते, वर दंडही होऊ शकतो. त्यामुळे शंका आली तर तो तुम्हाला बसू देत नाही. प्रवास मोडतो तो बहुधा इथे, नैरोबीला पोहोचण्याच्या कितीतरी आधी.

फॉर्म उघडण्यापूर्वी पासपोर्ट उघडा. पहिली गोष्ट मुदतीची. केनियात पोहोचण्याच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने तो चालू असावा आणि आत एक तरी कोरे पान असावे. आई-वडिलांचे पासपोर्ट दहा वर्षांचे असतात, लहान मुलांचे पाच वर्षांचे. सगळ्यांचे एकदमच काढले होते या समजुतीवर राहू नका. मुलांचे आधी संपतात, आणि हे लक्षात येते तेव्हा नवा काढायला वेळ उरलेला नसतो.

आता फोटोच्या पानाच्या तळाशी असलेल्या दोन ओळी पाहा. प्रत्येक ओळीत ४४ चिन्हे असतात. मोठ्या लिपीतली अक्षरे, आकडे आणि मधेमधे बाणाच्या टोकासारख्या खुणा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ही रचना जगभरासाठी एकसारखी ठरवून दिली आहे. यंत्र वाचते ते एवढेच. पहिल्या ओळीत देशाचे तीन अक्षरी नाव, मग आडनाव, मग दोन बाणटोके, मग उरलेले नाव. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, लिंग, मुदत.

या ओळीत क्रमांकानंतर, जन्मतारखेनंतर आणि मुदतीनंतर एकेक जास्तीचा आकडा असतो. तो तपासणीचा. जन्मतारखेचे उदाहरण घेऊ. ५ जून १९८५ ही तारीख तिथे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ८५०६०५ अशी छापलेली असते. या सहा अंकांना ओळीने ७, ३, १, ७, ३, १ यांनी गुणायचे: ५६, १५, ०, ४२, ०, ५. बेरीज ११८, तिचा शेवटचा अंक ८. हाच तो तपासणीचा आकडा. आता दिवस आणि महिना उलटे झाले, ६ मे अशी तारीख झाली, तर ८५०५०६ची बेरीज ११२ होते आणि शेवटचा अंक २ येतो. यंत्राला लगेच कळते की वाचण्यात चूक झाली. त्यामुळे यंत्र तुमचा पासपोर्ट सहसा चुकीचा वाचत नाही. तुम्ही हाताने भरलेल्या चौकटींना मात्र असा पहारेकरी नसतो. तिथे एक आकडा चुकला की काउंटरवरच्या यंत्राने बिनचूक वाचलेल्या क्रमांकावर कोणताच परवाना सापडत नाही. भारतीय पासपोर्टच्या क्रमांकात सुरुवातीला एक अक्षर आणि पुढे सात अंक असतात. म्हणजे पहिल्या अक्षरानंतर जिथे जिथे गोल दिसेल तिथे तो शून्यच, इंग्रजी ‘ओ’ नव्हे.

नावाच्या चौकटींशी मराठी माणसाने सर्वात जास्त वेळ थांबावे. आपल्याकडे स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे, मग आडनाव. समजा कोणी मीनल सुरेश जोशी आहे. तिच्या पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात ‘जोशी’ आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात ‘मीनल सुरेश’ असेल, तर फॉर्ममध्येही पहिल्या नावाच्या चौकटीत ‘मीनल सुरेश’ असेच जायला हवे. ‘सुरेश’ गाळायचा नाही आणि आडनावाला जोडायचा नाही. पासपोर्टवर मधले नाव छापलेलेच नसेल, तर आधार कार्डावर आहे म्हणून ते इथे घालायचे नाही. लग्नानंतर रोजच्या व्यवहारात आडनाव बदलले पण पासपोर्ट जुनाच आहे, असे असेल तर फॉर्मवर जुने आडनाव, आणि विमानाच्या तिकिटावरही तेच. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो. त्यांनी फॉर्मबरोबर दिलेल्या सूचना आधी वाचाव्यात, अंदाजाने काही भरू नये. वाद पडला तर तळाच्या त्या दोन ओळींत जे आहे तेच खरे धरावे.

आता संकेतस्थळ. अधिकृत पत्ता ‘ईटीएकेनिया’ या शब्दाने सुरू होतो आणि ‘डॉट गो डॉट केई’ने संपतो. सरकारी संकेतस्थळांना आपल्याकडे ‘गव्ह डॉट इन’ असते, तसे केनियात ‘गो डॉट केई’. गूगलवर शोधले की वरच्या जागी पुष्कळदा जाहिराती येतात. सरकारी वाटाव्यात अशा रंगांच्या, ध्वज लावलेल्या, पण खासगी. त्यांतल्या काही तुमचा अर्ज खरोखर पुढे पाठवतात आणि त्यासाठी भरमसाठ आकार घेतात. काही पाठवतही नाहीत. पैशांपेक्षा मला चिंता वाटते ती पासपोर्टच्या प्रतीची आणि चेहऱ्याच्या फोटोची. एकदा ही दोन्ही अनोळखी माणसाच्या हाती गेली की परत येत नाहीत. म्हणून पत्ता स्वतः टाइप करा आणि त्याचा शेवट वाचून मगच पुढे जा.

अर्ज प्रवासाच्या आधीच्या तीन महिन्यांत करता येतो. निर्णयाला साधारणपणे कामाचे तीन दिवस लागतात, पण मधे शनिवार-रविवार आणि केनियातल्या सुट्ट्या येतात हे विसरू नये. निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी अर्ज केला तर काही राहिलेच तरी सावरायला वेळ मिळतो.

पासपोर्टच्या पानाचा फोटो काढताना त्याचे प्लास्टिकचे कव्हर काढा, खिडकीजवळच्या उजेडात पान सपाट ठेवा, आणि चारही कोपरे व तळाच्या दोन्ही ओळी स्वच्छ दिसतात का ते मोठे करून पाहा. बोट किंवा चकाकी त्या ओळींवर आली तर फोटो निरुपयोगी. स्वतःचा फोटो साध्या फिक्या भिंतीसमोर, चष्मा काढून. आयफोनवर काढलेले फोटो पुष्कळदा वेगळ्या प्रकारच्या फाइलमध्ये साठतात, ते जेपीजीमध्ये बदलून घ्यावे लागतात.

पुढे विमानाचा क्रमांक, येण्या-जाण्याच्या तारखा, प्रवासाचे कारण, राहण्याचे ठिकाण. राहण्याच्या पुराव्यात एक अडचण येते. टूर कंपनीने सगळ्या गटाचे मिळून एकच हॉटेल-व्हाउचर काढलेले असते आणि त्यावर एकाच माणसाचे नाव असते. आपले नाव असलेली खोल्यांची यादी किंवा पत्र कंपनीकडून मागून घ्यावे. ते देणे त्यांना जड नसते. शेवटी काही प्रश्न गुन्ह्यांविषयी आणि सोबतच्या रकमेविषयी, वस्तूंविषयी असतात. ते घाईने ‘नाही, नाही’ करत खाली जाण्यासारखे नाहीत. खाली तुमच्या नावाने दिलेले निवेदन असते.

मूळ शुल्क माणशी ३० अमेरिकी डॉलर, वर प्रक्रियेचा थोडा आकार. अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. पैसे कार्डाने जातात. भारतात २०२०पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद ठेवलेले असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आधी चालू करावे लागतात आणि काम झाल्यावर पुन्हा बंद करणे बरे. बँक डॉलरच्या दरावर स्वतःचा आकार लावते, त्यामुळे खात्यातून गेलेली रक्कम हिशेबापेक्षा थोडी जास्त दिसेल.

हे सगळे टूर कंपनी करून देते, मग आपण कशाला, असे पुष्कळांना वाटते. करून देऊ द्या. पण पैसे भरले जाण्याआधी भरलेल्या फॉर्मची प्रत मागा आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षरनअक्षर ताडून पाहा. वयस्कर आई-वडिलांचा फॉर्म मुलाने भरला असेल तरी तसेच. अर्ज एकदा गेला की त्यातली चूक दुरुस्त करणे अवघड असते, आणि नव्या अर्जाला नवे शुल्क लागते. ईमेलचा पत्ताही तुमचा असावा, कारण अर्जाचा क्रमांक आणि मंजुरी त्यावरच येते. दोन-तीन दिवसांत काही आले नाही तर स्पॅमचे कप्पे पाहा. मंजुरीचा कागद मोबाइलमध्ये ठेवा आणि छापूनही घ्या. मधल्या काळात पासपोर्ट नवा काढला तर जुन्या क्रमांकावरचा परवाना कामाचा राहत नाही.

अर्ज करण्याआधी सहलीचा मार्गही पाहावा, त्याला एक कारण आहे. सेरेंगेटी टांझानियात येते आणि टांझानियाचा व्हिसा वेगळा. केनियाचा सर्वसाधारण परवाना एकदाच आत येण्याचा असतो, त्यामुळे मधे सीमा ओलांडून पुन्हा नैरोबीला यायचे असेल तर परतीच्या प्रवेशाची सोय अर्ज करण्याआधीच अधिकृत संकेतस्थळावर पाहून ठेवावी. केनियाबरोबर युगांडा आणि रवांडा करायचे असेल, तर तिन्ही देशांना मिळून चालणारा पूर्व आफ्रिका पर्यटन व्हिसा १०० डॉलरना मिळतो. त्यात टांझानिया नाही.

परवाना हातात असला तरी शेवटचा शब्द नैरोबीच्या जोमो केन्याटा विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा असतो. तो बोटांचे ठसे घेतो, कुठे राहणार, कधी परतणार हे विचारतो. फॉर्ममध्ये लिहिले तेच सांगावे. प्लास्टिकच्या पिशव्या मात्र मुंबईतच ठेवाव्यात. केनियात त्यांवर २०१७पासून कडक बंदी आहे, आणि आपली खाऊची पाकिटे व चपला आपण नेमक्या अशाच पिशव्यांत बांधतो.

शेवटचा कागद केनियाचा नाही, आपल्या देशाचा आहे, आणि ईटीएच्या फॉर्ममध्ये गुंतलेल्या माणसाला तो आठवत नाही. केनियात पीतज्वर आहे. तिथून भारतात परतणाऱ्याकडे पीतज्वराच्या लशीचे पिवळे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस फक्त सरकारने नेमलेल्या केंद्रांवर मिळते. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि मग जन्मभर चालते. ही जिवंत विषाणूंची लस आहे, त्यामुळे साठीच्या पुढच्यांनी, गरोदर स्त्रियांनी, अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांना ती देत नाहीत. केंद्रावर जाताना मूळ पासपोर्ट न्यावा, कारण प्रमाणपत्रावरही त्याचा क्रमांक लिहितात. पुढे पासपोर्ट बदलला तर जुना टाकून देऊ नये. प्रमाणपत्राबरोबर तोही प्रवासात जवळ ठेवावा.