शाळेतलं पुस्तकांचं कपाट उघडं का हवं? एकलहऱ्यापासून समजून घेऊया

एकलहरे म्हटलं की नाशिककरांच्या डोळ्यासमोर येतात औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी. नाशिकरोडपासून हे गाव काही किलोमीटरवर आहे. नाशिक शहरात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे. पण तिसरीतलं मूल एकटं बसने शहरात जाऊन पुस्तक बदलून आणू शकत नाही. त्यासाठी घरातल्या मोठ्या माणसाचा वेळ लागतो, भाडं लागतं. मूल रोज जातं ते शाळेत. म्हणून शहराबाहेरच्या बहुतेक मुलांसाठी शाळेतलं कपाट हेच खरं ग्रंथालय असतं.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं म्हटलं आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना पुस्तकांसाठी वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. म्हणजे ग्रंथालय ही शाळेची मेहेरबानी नाही, मुलांचा हक्क आहे.

मग अडचण कुठे आहे?

पुस्तकं असणं वेगळं आणि ती मुलांच्या हातात असणं वेगळं. ग्रामीण भागातल्या शाळांना भेटी देणाऱ्या 'असर' सर्वेक्षणात २०१८ साली देशातल्या ३६.९ टक्के शाळांमध्येच भेटीच्या दिवशी मुलं ग्रंथालयाची पुस्तकं वापरताना दिसली. २०२२ मध्ये हे प्रमाण ४४ टक्के झालं. सुधारणा आहे, पण निम्म्याहून जास्त शाळांत त्या दिवशी पुस्तकं कपाटातच होती.

याचं कारण दरवेळी आळस नसतं. छोट्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचं पद नसतं. कपाटाची किल्ली एखाद्या शिक्षकाकडे असते आणि पुस्तकांची नोंदही त्यांच्याच नावावर. पुस्तक हरवलं किंवा फाटलं तर उत्तर कोणी द्यायचं, ही भीती असते. मग सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे कुलूप.

अवांतर वाचनाने नेमकं काय होतं?

अक्षरं जुळवत वाचणाऱ्या मुलाची सगळी शक्ती शब्द ओळखण्यातच जाते. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. मग गणितातलं शाब्दिक उदाहरण चुकतं आणि आपण म्हणतो, गणित कच्चं आहे. मुळात कच्चं असतं वाचन. ते पक्कं होतं भरपूर आणि सोपं वाचून. पाठ्यपुस्तक वर्षभर एकच असतं आणि ते प्रत्येकाच्या पातळीचं नसतं. गोष्टीची पुस्तकं मात्र निवडता येतात. पाचवीतल्या मुलाने दुसरीचं पुस्तक उचललं तरी कोणी हसत नाही.

फिजी बेटांवरच्या ग्रामीण शाळांत १९८० च्या सुमारास एक प्रयोग झाला. काही वर्गांना सुमारे २५० गोष्टींची इंग्रजी पुस्तकं देण्यात आली. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी १९८३ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. पहिल्या वर्षी या मुलांची वाचन समजण्यातली प्रगती नेहमीच्या जवळपास दुप्पट वेगाने झाली. इंग्रजी ही त्यांची घरची भाषा नव्हती, हे विशेष. आपल्याकडे घरी एक बोली आणि शाळेत प्रमाण मराठी, अशी कितीतरी मुलं आहेत.

नाशिकने दाखवलेली वाट

२००९ मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी नाशिकमध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. यात शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. वाचकाने पुस्तकाकडे जायचं नाही, पुस्तकाने वाचकाकडे यायचं.

शाळांनाही हे जमू शकतं. एका केंद्रातल्या पाच शाळांनी प्रत्येकी शंभर वेगळी पुस्तकं पेटीत भरून दर दोन महिन्यांनी फिरवली, तर दहा महिन्यांत प्रत्येक मुलापर्यंत पाचशे पुस्तकं पोहोचतात. जास्तीचा खर्च जवळपास शून्य. शिवाय प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर'वर मराठी गोष्टी मोफत मिळतात आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर 'किशोर' मासिकाचे जुने अंक वाचता येतात.

पालक काय करू शकतात?

कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत चार प्रश्न विचारा:

• वाचनाचा तास आठवड्यात कधी असतो?
• पुस्तक घरी नेता येतं का?
• यंदाच्या अनुदानातून कोणती पुस्तकं आली आणि ती कोणी निवडली?
• वापरून फाटलेल्या पुस्तकाची जबाबदारी शिक्षकावर टाकली जाणार नाही, असा ठराव समिती करेल का?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. शिक्षकांची भीती गेली की कुलूप निघतं. देवघेवीची वही पाचवीची मुलंसुद्धा सांभाळू शकतात.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. या दोन दिवशी पुस्तकं टेबलावर मांडली जातात, फोटो निघतात. तुमच्या शाळेत १६ ऑक्टोबरला ती कुठे असतात, ते एकदा पाहून या.