मापटे, गुंठा आणि पाढे

मुरबाड तालुक्यातील म्हसा हे गाव पौष पौर्णिमेच्या यात्रेसाठी आणि त्या यात्रेतील बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. बैलांच्या सौद्याची जुनी रीत आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालतात, एकमेकांची बोटे धरतात आणि तोंडातून शब्द न निघता भाव ठरतो. या माणसांना गणित येत नाही असे कोण म्हणेल? कामगारांत आणि शेतमजुरांत इतकी वर्षे काम केल्यावर आम्हांला असे दिसते की, गणित अजिबात न येणारा माणूस विरळा. पण माप दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळा झालेला माणूस मात्र पदोपदी भेटतो. म्हणून मुलांना पाढे शिकविताना त्यांच्या हातात मापही दिले पाहिजे, एवढाच आमचा आग्रह आहे. तो का, हे आपल्या परिचयाच्या तीनचार गोष्टींवरून सांगतो.

पहिली गोष्ट धान्याच्या जुन्या मापांची. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. निळव्यापासून मोजीत गेले की १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुपटीची रांग लागते. आता निळवे ते अधोली ही सहा भांडी एकेकच घ्या आणि प्रत्येक भांडे फार तर एकदाच वापरा. एक निळव्यापासून त्रेसष्ट निळव्यांपर्यंत कोणतेही माप भरता येते, मधले एकही राहत नाही. तेरा निळवी हवी असतील तर मापटे, चिपटे आणि निळवे. आठ, चार आणि एक मिळून तेरा. आजचे संगणक याच दुपटीवर चालतात हे मापटे घेऊन दारात बसलेल्या एखाद्या आजीला सांगितले, तर ती आपल्याला वेड्यात काढील. असो.

रुपयाचेही पूर्वी ६४ पैसेच होते. १ एप्रिल १९५७ रोजी त्याचे शंभर नवे पैसे झाले, आणि १९५६ च्या कायद्याने वजनेमापेही टप्प्याटप्प्याने दशमान झाली. अर्ध्याचे अर्धे करीत जाणाऱ्या व्यवहारासाठी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे होते. ते शाळेतून गेले. त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. दशमान पद्धत सोपी आहे आणि गरिबाच्या सोयीची आहे. मात्र दुकानातील नव्या वजनांतही रांग आहे, ती मुलांना शोधू द्यावी. एक, दोन आणि पाच किलोंची एकेकच वजने घेऊन कोणकोणती मापे होतात? एक, दोन, तीन, पाच, सहा, सात, आठ. चार होत नाही. मग एखादी चुणचुणीत मुलगी एक किलोचे वजन मालाच्या पारड्यात टाकते आणि पाच वजा एक चार हे तिला कोणी न सांगता कळते.

आता शिगेकडे वळू. भात मापताना मापाच्या तोंडावर जो ढीग राहतो ती शीग. खंडाचे किंवा कर्जाचे भात घेताना शीग लावून घ्यावयाचे आणि मजुरी देताना माप सपाट करून द्यावयाचे, हा कावा ग्रामीण भागात जुना आहे. त्यातले गणित फारसे कोणी सांगत नाही. दोन मापे घ्या. सपाट भरली तर दोन्हींत चार शेरच भात मावते. परंतु एकाचे तोंड दुसऱ्याच्या दुप्पट रुंद आहे आणि त्या मानाने ते उथळ आहे. भाताचे दाणे स्वतःच्याच उताराने घरंगळतात, त्यामुळे तोंड रुंद झाले की ढिगाची उंचीही त्याच प्रमाणात वाढते. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, उंची दुप्पट. दोन दुणे चार, चार दुणे आठ. शीग आठपट झाली! तोंड तिप्पट रुंद असते तर सत्तावीसपट झाली असती. १, ८, २७ ही घनांची रांग पुस्तकात वाचून मुलगा विसरतो; एक अरुंद डबा, एक पसरट डबा आणि दोन पायल्या भात यांनी ती त्याच्या कायमची ध्यानात राहते, आणि पसरट मापावर शीग लावणाऱ्याचा हातही त्याला ओळखता येतो.

दिढीचे तसेच. पावसाळ्यात घेतलेल्या एक मण भाताचे सुगीला दीड मण द्यावयाचे, हे ऐकताना फार वाटत नाही. फेडता आले नाही आणि त्यावर पुन्हा दिढी चढली तर सव्वादोन, मग तीन मणांच्या वर, आणि चौथ्या सुगीला पाच मणांहून थोडे अधिक. दिडकीचा पाढा पाठ असलेलेही येथे फसले, कारण पाढा एकदाच म्हणावयाचा नव्हता, उत्तरावर पुन्हा म्हणावयाचा होता.

मजुरीच्या दरात हिशेबाचा सोपेपणा किती मोलाचा असतो, याचे उदाहरण जुन्या ठाणे जिल्ह्यातच आहे. १९४५ साली उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांतील वारल्यांनी गवतकापणीसाठी पाचशे रत्तलांना अडीच रुपये दर मागितला. उंबरगाव आता गुजरातेत आहे आणि डहाणू २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. किसान सभा आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांची नावे त्या लढ्याशी जोडलेली आहेत. आम्ही येथे फक्त आकडा पाहतो. पाचशेला अडीच म्हणजे दोनशे रत्तलांना एक रुपया, पन्नास रत्तलांच्या भाऱ्याला चार आणे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही भारे मोजून आपली मजुरी बोटांवर सांगता यावी असा हा आकडा आहे. याउलट ज्या दराचा हिशेब कारकुनावाचून लागत नाही, तो दर मान्य करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा असे आम्ही कामगारांना नेहमी सांगतो.

दर पदरात पडला तरी तराजू कोणाचा, हा प्रश्न उरतोच. दांडीच्या तराजूची परीक्षा सोपी आहे. एका पारड्यात तोललेला माल दुसऱ्या पारड्यात टाकून वजने इकडची तिकडे करावीत. तोल राहिला नाही तर दांडीत खोट आहे. टांगत्या किंवा विजेच्या काट्याला हे चालत नाही. तेथे वीस लिटरचा पाण्याचा डबा कामास येतो. रिकामा डबा तोलावा, मग काठोकाठ वीस लिटर भरून तोलावा. वीस किलोचा फरक दिसला पाहिजे. ही तपासणी पाचवीतले पोरही करील, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

२०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा शहरांत मोठा गदारोळ झाला आणि विनोदही पुष्कळ झाले. आमच्या मते मुलाने कोणतेही नाव घ्यावे. दहादहाच्या दोन जुड्या आणि एक सुटी काडी त्याच्या हातात होती की नाही, हे आधी विचारावे.

शेवटी जमीन. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद चौकोन म्हणजे गुंठा. १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आता १०८९ चा पाढा लिहून पाहा: १०८९, २१७८, ३२६७, ४३५६, ५४४५, ६५३४, ७६२३, ८७१२, ९८०१. पहिले दोन अंक एकेकाने चढतात, शेवटचे दोन एकेकाने उतरतात, आणि नऊ गुंठ्यांचा आकडा म्हणजे एका गुंठ्याचाच उलटा! मुले हे पाहून हरखतात. पण ही नुसती गंमत नाही. कागदावर सात गुंठे आणि शेजारी ७६३२ चौरस फूट असे लिहिलेले दिसले, तर ज्याला ही रांग ठाऊक आहे तो तेथेच बोट ठेवील. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली शहापूर-मुरबाडकडच्या ज्या कुटुंबांनी दावे केले, त्यांच्या घरी असे बोट ठेवणारे एक तरी माणूस असावयास हवे.

फीत लावतानाही एक गोष्ट सांभाळावी. चारही बाजू तेहतीस फूट भरल्या म्हणजे गुंठा झालाच असे नव्हे. चौकोन एका अंगाला कलला तर बाजू तेवढ्याच राहतात आणि जमीन घटते. पुरता कलला तर निम्मीही उरत नाही. म्हणून फीत कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी लावावी, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांमध्ये लावावी. दोन्ही वेळा ४६ फूट ८ इंच भरले तर गुंठा पुरा आहे.