पाचशेची नोट घेताना: पाहा, तिरपी करा, बोट फिरवा

समजा, तुम्ही बँकेत पैसे भरायला गेलात आणि रोखपालाने पाचशेची एक नोट बाजूला काढली. "ही खोटी आहे." आता नुकसान कोणाचे? तुमचेच. बँक ती नोट जप्त करते, तिच्यावर शिक्का मारते आणि तुम्हाला पोचपावती देते. नोट परत मिळत नाही आणि तिची रक्कम खात्यातही जमा होत नाही. म्हणून नोट तपासायची ती हातात घेतानाच.

सध्याची ५०० रुपयांची नोट नोव्हेंबर २०१६ मध्ये आली. तिचा रंग दगडी करडा असून मागे लाल किल्ला आहे. ती तपासायला यंत्र लागत नाही.

उजेडासमोर धरून पाहा. कोऱ्या भागात गांधीजींचे जलचिन्ह आणि ५०० हा आकडा दिसतो.

तिरपी करा. सुरक्षा धाग्याचा हिरवा रंग निळा दिसू लागतो. पुढच्या बाजूला खाली उजवीकडे ₹ चिन्हासह छापलेल्या आकड्याचा रंगही असाच बदलतो. साध्या रंगीत छपाईत हे होत नाही.

बोट फिरवा. गांधीजींचे चित्र, अशोकस्तंभ, उजवीकडील गोल खूण आणि दोन्ही कडांवरच्या पाच-पाच तिरप्या रेषा बोटाला उंचवट्यासारख्या लागतात. अंध व्यक्तींनाही यावरून नोट ओळखता येते. नोट जुनी झाली की हा उंचवटा झिजतो. म्हणून एकाच खुणेवर निर्णय घेऊ नका, तीन-चार खुणा जुळवून पाहा.

क्रमांकही पाहा. त्यातील अंक डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. क्रमांकात तारा (*) असेल तर घाबरू नका. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या बदली ती छापलेली असते आणि पूर्ण वैध असते.

खोटी नोट हाती आलीच तर? ती दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. खोटी आहे हे माहीत असताना नोट चालवणे हा गुन्हा आहे. ती बँकेत द्या आणि पोचपावती मागून घ्या. एका व्यवहारात चारपर्यंत खोट्या नोटा सापडल्यास बँक महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा अधिक असल्यास लगेच पोलिसांकडे गुन्हा नोंदवला जातो.

गर्दीत, घाईत, अंधारात मोठी नोट घेताना क्षणभर थांबा. समोरच्याला त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. पैसा कष्टाचा आहे.