चिखलातली तांबडी मुळं

लावणीला महिना होत आला की कोकणातल्या कुठल्याही खाचरात उतरून भाताचा एक चूड अलगद उपटावा आणि बांधाच्या कडेच्या पाण्यात खळबळून धुवावा. मुळांची टोकं पांढरीशुभ्र दिसतात, त्यांच्या मागचा जुना भाग मात्र गंजाच्या रंगाचा असतो. तो रंग पाहून मुळं कुजायला लागली अशी शंका अनेकांना येते. प्रत्यक्षात मुळं धडधाकट आहेत, याची ती खूण असते. हा गंज येतो कुठून, हे कळलं की भाताचं निम्मं शास्त्र हाती लागतं.

सुरुवात बियापासून करू. दाणा रुजतो तेव्हा पहिलं एकच मूळ खाली जातं. रोप लहान असेपर्यंत त्याचा उपयोग. पुढचा सगळा भार काडीच्या बुडाशी दाटीवाटीने असलेल्या पेरांतून फुटणारी मुळं उचलतात. त्यांच्या फुटण्याला ठरलेला क्रम असतो. पाचवं पान उलगडत असतं त्या सुमारास दुसऱ्या पेरातून मुळं निघतात आणि तिथलाच फुटवाही बाहेर पडतो. सहाव्या पानाच्या वेळी तिसऱ्या पेराची पाळी. म्हणजे पान, फुटवा आणि मूळ एकाच लयीत चालतात. पुढे प्रत्येक फुटव्यालाही स्वतःची मुळं येतात.

लावणी उथळ करा, असं जे वारंवार सांगितलं जातं, त्याचं कारण याच क्रमात आहे. रोप दोन-तीन सेंटिमीटर खोल लावलं की बुडाची पेरं हवा-उजेडाच्या जवळ राहतात. घाईत अंगठ्याने खोल दाबलं, तर रोपाला आधी खालची कांडी लांबवून पेर वर आणावं लागतं. त्यात दिवस जातात आणि सुरुवातीचे फुटवे हुकतात. तरवा, म्हणजे रोपवाटिकेतली रोपं, उपटताना बरीच मुळं तुटतातच; लावणीनंतर रोप चार-सहा दिवस पिवळट दिसतं ते त्यामुळे. नवी मुळं धरली की ते पुन्हा हिरवं होतं. म्हणून तरवा हिसका देऊन न काढता मुळांशी जपून काढणारे हात मला फार मोलाचे वाटतात.

आता ज्या चिखलात हे मूळ शिरतं त्याच्याकडे पाहू. हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पट सावकाश झिरपतो. चिखलणी करून पाणी बांधलं की मातीतले सूक्ष्मजीव उरलासुरला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपवतात. मग श्वसनासाठी ते नायट्रेट वापरतात, त्यानंतर मँगनीज, आणि मग लोह. कोकणच्या जांभ्याच्या मातीत लोह मुबलक. एरवी न विरघळणारं हे लोह आता विरघळतं आणि मुळाभोवतीच्या पाण्यात येतं. ते भरमसाट शोषलं गेलं तर पानांवर तांबूस ठिपके पडतात, पान करपतं. ज्वारी किंवा तुरीचं मूळ अशा मातीत गुदमरून मरेल.

भात तगतो तो स्वतःची हवा सोबत नेऊन. पाण्याने वेढलेल्या मुळात इथिलीन वायू साठतो, आणि त्याच्या इशाऱ्यावर मुळाच्या सालीतल्या काही पेशी ठरवून मरतात. त्यांच्या जागी उभ्या पोकळ्या तयार होतात. जाड मूळ ब्लेडने आडवं कापून भिंगाखाली धरलं तर कमळाच्या देठासारखी भोकं दिसतात. पानात शिरलेली हवा या पोकळ्यांतून थेट टोकापर्यंत पोचते. ती वाटेतच झिरपून जाऊ नये म्हणून मुळाच्या वरच्या भागाची बाहेरची साल घट्ट होते. टोकाजवळ आणि बारीक उपमुळांतून मात्र प्राणवायू मातीत सुटतो. तिथे विरघळलेलं लोह पुन्हा गंजतं आणि मुळावर लेप बसतो. चूड धुतल्यावर दिसणारा तांबडा रंग तो हाच. विषारी ठरणारं लोह मुळाच्या दारातच अडवलं जातं.

चिंता करावी ती काळ्या मुळांची. ओला पाला किंवा अर्धवट कुजलेलं खत लावणीच्या तोंडावर गाडलं आणि पाणी सतत तुंबलं, की मातीत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. पाय बुडवताच कुजक्या अंड्याचा वास येतो, मुळं काळी पडतात. वरवरचा काळेपणा असेल तर मूळ उघड्या हवेत धरल्यावर तो हळूहळू तपकिरी होतो. मूळ मऊ पडून साल सुटत असेल तर ते गेलेलं समजावं. गिरिपुष्पाचा पाला उत्तमच, पण तो लावणीच्या आठवडाभर आधी गाडलेला बरा.

नत्राचा प्रश्नही या हवेशीच जोडलेला आहे. चिखलाच्या अगदी वरच्या काही मिलिमीटरांत प्राणवायू असतो. तिथे फेकलेल्या युरियाचं नायट्रेट होतं, ते खाली झिरपलं की वायू होऊन उडून जातं. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल ब्रिकेट, म्हणजे खताची दाबून केलेली गोळी, खोचतात ती त्यासाठीच. तेवढ्या खोलीवर नत्र अमोनियमच्या रूपात टिकतं आणि मुळं ते गाठतात.

चिखलणीने तळाशी जो घट्ट थर बसतो, तो पाणी धरतो आणि मुळांनाही अडवतो. त्यामुळे बहुतेक मुळं वरच्या वीस सेंटिमीटरांतच पसरतात. फुलोऱ्यापर्यंत त्यांची वाढ भरात येते, नंतर नवी मुळं जवळजवळ थांबतात. दाणा भरतो तो आधी कमावलेल्या मुळांच्या जोरावर.

पाणी हाताशी असेल तर खाचर अधूनमधून सुकवता येतं. भोकं पाडलेली नळी जमिनीत पुरून आतली पातळी पाहायची. ती जमिनीखाली पंधरा सेंटिमीटर गेली की पुन्हा पाणी द्यायचं. एवढ्या सुकवणीने मातीत हवा शिरते, सल्फाइड कमी होतं, आणि मुळांच्या पोकळ नळ्यांतूनच वर निसटणारा मिथेनही घटतो. मात्र लावणीनंतरचे पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्याच्या काळात पाणी तोडू नये.