जुन्या डिझेल गाडीचा पिकअप कोठे हरवतो?

दहा-बारा वर्षे वापरलेली डिझेल गाडी व्यापारी कुटुंबात सहसा विकली जात नाही. ती दुकानाच्या कामाला लागते, बाजारगावी वसुलीला जाते, लग्नसराईत पाहुण्यांची ने-आण करते. अशा गाडीविषयी एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘पिकअप राहिला नाही.’ ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी क्षणभर अडखळते, घाटात दम सोडते आणि पुढच्या ट्रकला ओलांडताना नेमक्या हव्या त्या क्षणी जोर देत नाही. ही शेवटची बाब केवळ गैरसोयीची नाही. दुपदरी रस्त्यावर समोरून वाहन येत असता असा विलंब जिवावर बेतू शकतो. म्हणून दोष सापडेपर्यंत अशा गाडीने दुपदरी रस्त्यावर कोणाला ओलांडू नये, हे प्रथम चालकाला बजावलेले बरे.

गॅरेजमध्ये या तक्रारीवर पुष्कळदा तत्काळ निदान होते: टर्बो गेला, बदलावा लागेल. कधी ते खरेही असते. परंतु टर्बो हा या साखळीतील सर्वांत महागडा भाग आहे, सर्वांत दुबळा नव्हे. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी मुनीम बदलत नाही, आधी नोंदी तपासल्या जातात. येथेही तोच क्रम धरावा.

आपल्याकडील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन. २००७ साली मारुतीच्या डिझेल स्विफ्टमधून ते घरोघरी पोहोचले, टाटांच्या व्हिस्टातही बसले आणि पुण्याजवळच्या रांजणगावातही तयार होऊ लागले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू झाली तेव्हा मारुतीने डिझेल गाड्यांचे उत्पादनच थांबविले. त्यामुळे रस्त्यावरच्या त्या साऱ्या गाड्या आता जुन्यांतच जमा आहेत, आणि त्यांतील अनेक अद्याप नेटाने चालत आहेत.

एक किलो डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. लिटरच्या हिशेबाने पाहिल्यास, एका लिटर डिझेलमागे जवळजवळ दहा हजार लिटर हवा! लहान इंजिन स्वतःच्या बळावर एवढी हवा वेगाने ओढू शकत नाही. म्हणून सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या झोतावर टर्बोचे एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून पुढे जाते. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या या वाटेवर रबरी नळ्या आहेत, क्लॅम्प आहेत, सांधे आहेत. पिकअप बहुधा याच वाटेवर सांडतो.

दोष शोधण्यापूर्वी दोष आहे की नाही, हे ठरवावे लागते. ७५ अश्वशक्तीच्या मल्टिजेटचा पूर्ण जोर २००० आरपीएमच्या आसपास मिळतो. त्याच्या बराच खाली, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यास गाडी मंद वाटणारच, कारण टर्बोला फिरविण्याइतका धूरच तेव्हा निघत नसतो. ही त्या इंजिनाची प्रकृती आहे. नवी असतानाही गाडी तशीच होती. गिअर उतरवून काटा दोन हजारांवर नेल्यानंतरही ती ओढत नसेल, तर मात्र तक्रार खरी मानावी. आरपीएमचा काटा झपाट्याने चढतो पण वेग वाढत नाही, असे असल्यास इंजिन निर्दोष असून क्लच घसरत आहे. चाकाला ब्रेक चिकटून राहणे हेही एक साधे कारण असते, जॅकवर चढवून चाक हाताने फिरविले की ते कळते.

यानंतर मालकाने मेकॅनिकला एक गोष्ट नीट सांगावी: दोष एकाएकी आला की हळूहळू? काल धावणारी गाडी आज अचानक ढिली पडली असेल, तर नळी निसटली वा फाटली असण्याचा संभव अधिक. महिनोन् महिने जोर ओसरत गेला असेल, तर काजळी, तुंबलेला एअर फिल्टर किंवा डिझेल फिल्टर. हा तपशील यंत्र सांगू शकत नाही, तो केवळ चालकाजवळ असतो.

दुसरी साक्ष धुराची. जोर देताना काळा धूर निघत असल्यास डिझेल पोहोचत आहे, हवा कमी पडत आहे. धूर नाही आणि जोरही नाही, अशा वेळी आधी डिझेलकडे पाहावे: फिल्टर, त्यात साठलेले पाणी, पंपाचा दाब. अर्थात या नियमाला अपवाद आहे. हवा कमी असल्याचे ध्यानी आल्यास गाडीतील संगणक स्वतःच डिझेल तोडतो आणि गाडी जेमतेम घरी पोहोचेल एवढीच शक्ती देतो. तेव्हाही धूर दिसत नाही. अशा प्रसंगी बहुधा डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागलेला असतो आणि स्कॅनरवर पी०२९९ हा सांकेतिक क्रमांक उमटतो. त्याचा अर्थ ‘हवेचा दाब अपेक्षेहून कमी’ एवढाच आहे. ‘टर्बो बदला’ असा तो मुळीच नाही, पण पुष्कळदा तसाच वाचला जातो.

हवेची गळती उभ्या गाडीत सापडत नाही, ही बाब फारशी कोणी लक्षात घेत नाही. इंजिन संथ चालू असता नळ्यांत दाब नसतो. गॅरेजच्या दारात नुसती रेस दिल्यानेही पुरेसा दाब तयार होत नाही, कारण इंजिनावर भार नसतो. रबरातली चीर दाबाखालीच तोंड उघडते आणि एरवी मिटून बसते. त्यामुळे इंजिन बंद करून, थंड झाल्यावर नळ्यांच्या खालच्या बाजूने हात फिरवावा. आतून तेलाचा पुसट थर असणे स्वाभाविक आहे, पण बाहेर एके जागी तेलकट धुळीचा डाग जमला असेल तर तेथेच शोध घ्यावा. तेवढ्याने न सापडल्यास नळ्यांत बेताच्या दाबाची हवा भरून साबणाचे पाणी लावतात.

स्कॅनरचा खरा उपयोग गाडी चालताना होतो. संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब, हे दोन आकडे चढावर शेजारी-शेजारी पाहावेत. रोजमेळ आणि गल्ला ताडून पाहण्यासारखेच हे काम आहे. मात्र त्याआधी मोजणाराच खरे सांगतो का, हे पाहिले पाहिजे. किल्ली चालू, इंजिन बंद अशा स्थितीत दाबाच्या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखविला पाहिजे: मुंबईत सुमारे १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरी ८६ च्या जवळपास. आकडा याहून बराच वेगळा असेल, तर काजळीने माखलेला सेन्सर किंवा त्याची वायर तपासावी. टर्बोला त्यापूर्वी हात लावू नये.

ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकला, तर जळका धूर पुन्हा इंजिनात शिरून ताज्या हवेची जागा खातो. तो काढून स्वच्छ करता येतो. काही ठिकाणी तो पत्रा लावून कायमचा बंद करून देतात. हा उपाय स्वस्त असला तरी प्रदूषण वाढविणारा आहे, त्याला होकार देऊ नये. ९० अश्वशक्तीच्या मल्टिजेटमध्ये टर्बोत हलत्या पात्या असतात. शहरात सतत हळू चालणाऱ्या गाडीत त्या काजळीने आखडतात. तेथेही आधी स्वच्छता शक्य आहे का, हे विचारावे.

एवढे सारे होऊनही दोष राहिला, तर टर्बोवर यावे. आत येणारी नळी काढून दांडा बोटांनी हलवितात. आडवी किंचित हालचाल चालते. दांडा पुढे-मागे सरकत असेल किंवा पाती भोवतालच्या कवचाला घासत असेल, तर मात्र टर्बो खरोखर गेला. सोबत निळा धूर आणि भोंग्यासारखा आवाज असल्यास गाडी त्याच जागी बंद करावी. फुटलेल्या सीलमधून शिरलेले ऑइलच इंधन म्हणून जळू लागले, तर डिझेल इंजिन किल्ली काढूनही थांबत नाही.

टर्बो बदलण्याची वेळ आलीच, तर जुना का गेला, याचे उत्तर मिळाल्याविना नवा बसवू नये. त्याचे बेअरिंग ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. ऑइल वेळेवर न बदलल्याने किंवा टर्बोकडे जाणारी बारीक नळी काजळून तुंबल्याने तो थर तुटतो, आणि तीच तुंबलेली नळी नव्या टर्बोलाही काही दिवसांत संपविते. नळी, ऑइल व ऑइल फिल्टर एकाच वेळी बदलावे आणि काढलेला टर्बो मागून पाहावा. नवा बसविताना इंजिन सुरू करण्यापूर्वी त्याच्या ऑइलच्या छिद्रात स्वच्छ ऑइल ओतावे लागते, अन्यथा पहिले काही क्षण दांडा कोरडाच फिरतो. हे काम दोन मिनिटांचे आहे. ते होताना मालकाने तेथे उभे असावे.