लेथचा स्टँड घरी बनवताना

आधी उंची ठरवा. कामाच्या चपला घालून सरळ उभे राहा, कोपर काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप हीच स्पिंडलच्या मध्याची उंची. त्यातून लेथच्या बुडापासून स्पिंडलपर्यंतचं अंतर वजा केलं की स्टँडचं माप मिळतं.

खरं महत्त्व मात्र वजनाला. वाडग्यासाठी लावलेला ओबडधोबड ठोकळा फिरू लागला की हलका स्टँड जागचा सरकतो. म्हणून पाय खाली फाकवा, तळाशी फळ्यांची पेटी ठोकून कोरडी वाळू भरा. घनफुटाला साधारण ४५ किलो वजन सहज मिळतं, तेही स्वस्तात. सांधे नुसत्या खिळ्यांवर सोडू नका, थरथरीने ते सैल होतात. आरपार नट-बोल्टच घाला. आणि चारही पाय जमिनीला नीट टेकल्याशिवाय पेटीत वाळू ओतू नका.